एका न्यायाधीशाचे भिन्नमत
(शाळेच्या हीरक महोत्सवात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



अमेरिकेच्या दक्षिण भागात साउथ कॅरोलायना नावाचे राज्य आहे. त्यातील क्लॅरेंडन काउंटी म्हणजे तेव्हा कापसाच्या शेतीवर जगणारा, कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेला गरीब मुलूख होता. 1947 साली तेथील लेव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याने शाळा-मंडळाकडे एक अर्ज केला. गोऱ्या मुलांची ने-आण करण्यासाठी त्या काउंटीत तीस बसगाड्या होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. ती मुले रोज कित्येक मैल पायी जात. पालकांनी पैसे जमवून एक जुनी बस घेतली होती, पण ती वारंवार बंद पडे. पिअर्सनचे मागणे एवढेच होते, की मंडळाने मुलांच्या बसची सोय करावी. अर्ज फेटाळला गेला. पुढल्या वर्षी तो न्यायालयात गेला, तेव्हा त्याची जमीन दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर आहे आणि कर शेजारच्या विभागात भरला जातो, एवढ्या कारणावर दावा निकाली निघाला. गावात मात्र त्याला कोणी कर्ज देईना आणि त्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळेना.

बसच्या या क्षुल्लक दिसणाऱ्या मागणीतून सात वर्षांनी एक निकाल जन्माला आला आणि अमेरिकेतील वर्णभेदी शाळांचा कायदेशीर पाया त्याने काढून घेतला. त्या वाटेवर जी माणसे उभी होती, त्यांपैकी एक होते संघीय न्यायाधीश ज्युलियस वेटीज वेअरिंग. आजचे विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. मात्र क्लॅरेंडनच्या पालकांना बाजूला ठेवून ते करता येणार नाही.

संघीय न्यायाधीश म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. भारतातही 1937 साली दिल्लीत ‘फेडरल कोर्ट’ स्थापन झाले होते आणि त्याच्या पहिल्या तीन न्यायमूर्तींपैकी एक मुकुंदराव जयकर होते, हे मराठी श्रोत्यांना ठाऊक असेल. त्या न्यायालयाची जागा पुढे सर्वोच्च न्यायालयाने घेतली. अमेरिकेत मात्र आजही दोन न्यायव्यवस्था शेजारी-शेजारी नांदतात: प्रत्येक राज्याची एक आणि संघराज्याची एक. साउथ कॅरोलायनात राज्याचे न्यायाधीश विधिमंडळ निवडते. संघीय न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट संमती देते. त्यानंतर तो तहहयात पदावर राहू शकतो. त्याचे वेतन कमी करता येत नाही, आणि महाभियोगावाचून त्याला काढता येत नाही. कागदावर ही तरतूद कोरडी वाटते. ती कशासाठी असते, हे वेअरिंग यांच्या चरित्रावरून कळते.

वेअरिंग यांचा जन्म 27 जुलै 1880 रोजी चार्ल्सटन येथे झाला. हे बंदराचे शहर जुन्या घराण्यांचे, आणि त्या घराण्यांच्या जुन्या अभिमानाचे. यादवी युद्धाची पहिली तोफ 1861 साली याच बंदरात डागली गेली. वेअरिंग यांचे घराणे तेथे कित्येक पिढ्यांचे. वडील दक्षिणेच्या बाजूने त्या युद्धात लढलेले. मुलगा स्थानिक महाविद्यालयातून 1900 साली पदवीधर झाला, एका वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला आणि 1902 मध्ये सनद घेऊन उभा राहिला. पुढील चाळीस वर्षांत त्याने प्रचलित रूढीविरुद्ध चकार शब्द काढल्याची नोंद नाही. काही वर्षे साहाय्यक सरकारी वकिली, मग खासगी वकिली, मग चार्ल्सटन नगरपालिकेचे वकीलपद, प्रतिष्ठितांच्या मंडळांचे सभासदत्व, मीटिंग स्ट्रीटवर घर. 1938 साली सिनेटर एलिसन स्मिथ यांच्या निवडणुकीची चार्ल्सटनमधील व्यवस्था त्यांनी पाहिली. हे स्मिथ गोऱ्यांच्या वर्चस्वाचे उघड पुरस्कर्ते होते. राज्याच्या सिनेटरांचा शब्द असल्याखेरीज अशा नेमणुका होत नसत. तेव्हा जानेवारी 1942 मध्ये वेअरिंग न्यायासनावर बसले, ते रूढीच्या माणसांच्या शिफारशीने बसले. त्या वेळी त्यांचे वय एकसष्ट होते.

एकसष्टाव्या वर्षी माणूस बदलतो काय? सामान्य अनुभव नाही असेच सांगतो. वेअरिंग यांच्या बाबतीत बदल घडला, आणि तो उपदेशापेक्षा समोर येणाऱ्या कागदपत्रांमुळे अधिक घडला असे दिसते. 1944 साली चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीय शिक्षकांनी दावा लावला, की काम तेच असून वेतन गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी. कायदा स्पष्ट होता. वेअरिंग यांनी समान वेतनाचा आदेश दिला. पुढच्या वर्षी कोलंबिया शहरातील शिक्षकांच्या दाव्यातही तेच झाले. शिक्षकांच्या पगारापासून आरंभ व्हावा, हे शाळेच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

1945 साली त्यांच्या खासगी आयुष्यात मोठी उलथापालथ झाली. तीस वर्षांहून अधिक काळच्या संसारानंतर त्यांनी पहिल्या पत्नीपासून घटस्फोट घेतला. साउथ कॅरोलायनात तेव्हा घटस्फोटाची मुभाच नव्हती. तो फ्लोरिडात घ्यावा लागला. लगोलग त्यांनी उत्तरेकडील एलिझाबेथ या दोनदा घटस्फोटित स्त्रीशी विवाह केला. चार्ल्सटनच्या दिवाणखान्यांची दारे बंद झाली. पुढे त्यांचे विरोधक म्हणत, की समाजाने वाळीत टाकल्याचा सूड हा न्यायाधीश निकालपत्रांतून घेत आहे. पहिल्या पत्नीच्या वाट्याला आलेले दुःख खरे होते आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु शिक्षकांच्या वेतनाचा पहिला निकाल घटस्फोटाच्या आधीचा आहे. सूडाची उपपत्ती तारखांपुढे टिकत नाही.

खरा घाव बसला तो 1946 च्या नोव्हेंबरात. त्या वर्षी फेब्रुवारीत आयझॅक वुडर्ड नावाचा कृष्णवर्णीय सार्जंट महायुद्धातून परतून, सन्मानपूर्वक सेवामुक्त होऊन, त्याच दिवशी गणवेशातच बसने घरी निघाला होता. वाटेत थांबण्यावरून चालकाशी बोलाचाली झाली. बेट्सबर्ग गावी चालकाने पोलिसांना बोलावले. तेथील पोलीसप्रमुखाने दंडुक्याने केलेल्या मारहाणीत वुडर्डचे दोन्ही डोळे कायमचे गेले. राज्याने खटला भरला नाही. देशभर गवगवा झाल्यावर संघीय सरकारने भरला आणि तो वेअरिंग यांच्यापुढे आला. सरकारी वकिलाने जेमतेम पुरावा मांडला. ज्यूरीत सगळे गोरे होते. ज्यूरी विचारविनिमयाला आत जाताच वेअरिंग फेरफटका मारायला बाहेर पडले. न्यायाधीश जागेवर नसता ज्यूरीला लगेच निकाल सांगता येणार नाही, निदान थोडा वेळ तरी विचार केल्यासारखे होईल, हा हेतू. परतले तेव्हा ज्यूरी वाट पाहत होती. अर्ध्या तासाच्या आत आरोपी निर्दोष सुटला. न्यायालयात बसलेल्या एलिझाबेथ रडत बाहेर पडल्या.

त्यानंतर हे दांपत्य वाचू लागले. डब्ल्यू. जे. कॅश यांचे दक्षिणेच्या मनोवृत्तीवरील पुस्तक आणि स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांचा अमेरिकेतील वर्णप्रश्नावरील प्रचंड ग्रंथ. जन्मभर ज्या शहरात वावरलो, त्याची ओळख साठी उलटल्यावर एका परदेशी विद्वानाच्या पुस्तकातून व्हावी, यातली खंत वेअरिंग पुढे लपवीत नसत.

न्यायालयाच्या आतही बदल दिसू लागला. कृष्णवर्णीय आणि गोरे वेगवेगळे बसण्याची प्रथा त्यांनी मोडली. ज्यूरीच्या यादीतील वर्ण सांगणाऱ्या खुणा काढल्या. कृष्णवर्णीय साक्षीदाराला नुसत्या नावाने हाक मारण्याची रीत होती. त्यांच्या न्यायालयात त्यालाही आदरार्थी उपपद लागू लागले. या गोष्टी बाहेरून लहान दिसतात. त्या गावच्या माणसाला त्या लहान वाटल्या नाहीत.

जुलै 1947 मधील निकालाने राज्यभर खळबळ उडाली. साउथ कॅरोलायनात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकणारा उमेदवार म्हणजेच निवडून आलेला उमेदवार. आणि त्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मत नव्हते. 1944 साली सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससमधील अशीच बंदी रद्द केली, तेव्हा साउथ कॅरोलायनाने युक्ती केली. प्राथमिक निवडणुकीसंबंधीचे झाडून सारे कायदे खास अधिवेशनात रद्द केले. आता पक्ष म्हणजे खासगी मंडळ. त्याने कोणाला सभासद करावे यात सरकारचा संबंध काय? जॉर्ज एल्मोर या नागरिकाच्या दाव्यात वेअरिंग यांनी ही युक्ती उधळून लावली, आणि साउथ कॅरोलायनाने आता संघराज्यात परत यावे अशा आशयाचे एक वाक्य निकालपत्रात घातले. 1860 साली सर्वांआधी फुटून निघालेल्या राज्याला ते किती झोंबले असेल, हे सांगायला नको. पक्षाने मग मतदारांकडून वर्णभेदाला पाठिंबा देणारी शपथ घेण्याचा घाट घातला. वेअरिंग यांनी तोही मोडला आणि या वेळी आदेश मोडणाऱ्यांना दंड नव्हे, तुरुंग मिळेल अशी तंबी दिली. ऑगस्ट 1948 मध्ये तीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांनी मतदान केले.

यानंतर शहराने त्यांच्याशी बोलणे जवळजवळ सोडले. जन्मापासूनचे स्नेही रस्ता ओलांडून पलीकडे जात. जानेवारी 1950 मध्ये एलिझाबेथ यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थेत भाषण करून दक्षिणेतील गोऱ्या समाजाचे कठोर शब्दांत वाभाडे काढले. त्या भाषणाने कार्याला हातभार लागला की उगाच तेल ओतले गेले, याबद्दल तेव्हाही दुमत होते. ते शब्द निवडीने सौम्य असते तर बिघडले नसते. विधिमंडळात महाभियोगाची मागणी झाली. घरासमोर जळता क्रूस उभा राहिला. ऑक्टोबरात एका रात्री पती-पत्नी पत्ते खेळत असताना काँक्रीटचे तुकडे घरावर येऊन आदळले. पुढे घराला पहारा बसला. राज्याच्या विधिमंडळाच्या हाती या न्यायाधीशाची खुर्ची असती, तर ती केव्हाच रिकामी झाली असती. ती त्यांच्या हाती नव्हती.

आता पुन्हा क्लॅरेंडनकडे वळू. पिअर्सनचा दावा गेला, तरी शिक्षक आणि धर्मोपदेशक असलेल्या जोसेफ डीलेन यांनी लोकांना विखरू दिले नाही. राष्ट्रीय कृष्णवर्णीय संघटनेचे वकील थरगुड मार्शल यांनी सांगितले, की आता नुसत्या बससाठी लढणे नको, शाळांच्या समानतेसाठी लढू. पण त्यासाठी सही करणारे पालक हवेत. नोव्हेंबर 1949 मध्ये शंभराहून अधिक पालकांच्या व मुलांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे. नौदलात सेवा केलेला हा गृहस्थ पेट्रोल पंपावर काम करी. नाताळच्या तोंडावर मालकाने त्यांना सिगारेटचे खोके भेट दिले आणि कामावरून काढले. पत्नी एलायझा एका मोटेलमध्ये साफसफाईचे काम करीत, तेही गेले. डीलेन यांची नोकरी गेली, नंतर घर जळाले, पुढे चर्च जळाले. न्यायाधीशाला वाळीत टाकले गेले, पण त्याचे वेतन अबाधित होते. हॅरी ब्रिग्ज यांच्या मागे कोणतीही घटनात्मक तरतूद उभी नव्हती, ही गोष्ट वेअरिंग यांची थोरवी सांगताना नजरेआड होता कामा नये.

काउंटीतील हिशेब पाहण्यासारखा आहे. 1949–50 मध्ये प्रत्येक गोऱ्या मुलामागे शाळेवर 179 डॉलर खर्च होई. कृष्णवर्णीय मुलामागे 43. आणि त्या काउंटीत कृष्णवर्णीय मुलांची संख्या गोऱ्या मुलांच्या दुपटीहून जास्त होती. सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली ‘विभक्त पण समान’ हे सूत्र मान्य केले होते. विभक्ततेची अंमलबजावणी काटेकोर झाली. समानतेची आठवण कोणालाच राहिली नाही.

नोव्हेंबर 1950 मध्ये ब्रिग्ज यांचा दावा वेअरिंग यांच्यापुढे प्राथमिक सुनावणीला आला. दाव्यात समान सोयींची मागणी होती. वेअरिंग यांनी मार्शल यांना सुचवले, की हा दावा मागे घ्या आणि विभक्त शाळांचा कायदाच घटनाबाह्य आहे असे सरळ मांडणारा नवा दावा आणा. मार्शल बिचकत होते. हरले तर ‘विभक्त पण समान’ अधिकच पक्के होईल ही भीती रास्त होती. न्यायाधीशाने वादीच्या वकिलाला दाव्याची दिशा दाखवावी काय? कायद्याच्या शिस्तीत वाढलेल्याला हे खटकेल, आणि खटकले पाहिजे. वेअरिंग यांच्या चाहत्यांनी हा प्रश्न झटकून टाकू नये. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की समान सोयींचा निकाल ते एकट्याने देऊ शकत होते आणि स्वतःच्या नावावर एक सुरक्षित विजय लावू शकत होते. त्यांनी सुचवलेल्या मार्गात त्यांचा पराभव निश्चित होता. कारण राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याची मागणी आली, की त्या काळच्या नियमाप्रमाणे ती तीन न्यायाधीशांपुढे जाई. इतर दोघे कसे मत देतील, याचा अंदाज वेअरिंग यांना होता. पण अशा निकालावरचे अपील मधल्या पायऱ्या वगळून थेट सर्वोच्च न्यायालयात जात असे, हेही त्यांना माहीत होते.

28 मे 1951 रोजी चार्ल्सटनमध्ये सुनावणी सुरू झाली. क्लॅरेंडनचे खेडूत पहाटेपासून न्यायालयाच्या जिन्यांवर रांगा लावून उभे होते. राज्याच्या वकिलाने आरंभीच कबूल करून टाकले, की कृष्णवर्णीयांच्या शाळा कमी दर्जाच्या आहेत. राज्य सुधारणा करणार आहे. समानतेचा वाद तेथेच संपावा, ही चतुराई. मार्शल यांनी तरीही साक्षीदार उभे केले. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले होते; आपल्याच रंगाच्या बाहुलीला ‘वाईट’ म्हणणारी मुले त्यांना आढळली होती. जूनमध्ये निकाल आला. न्यायाधीश पार्कर आणि टिमरमन यांनी सोयी समान करण्याचा आदेश दिला आणि विभक्तता कायम ठेवली. दोन विरुद्ध एक.

त्या एकाचे भिन्नमत सुमारे वीस पृष्ठांचे आहे. त्याचा गाभा असा, की इमारती, बाके आणि बसगाड्या मोजून हा प्रश्न सुटणार नाही. विभक्तता हीच मुळात विषमता आहे, आणि तिचे विष लहानपणी, शाळेतच, मनात उतरते. 1896 च्या निकालात न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले होते. पंचावन्न वर्षांनी तो धागा पुन्हा कोणी उचलला असेल, तर तो एका कनिष्ठ न्यायालयातील, सत्तरी ओलांडलेल्या न्यायाधीशाने.

येथे या सभागृहातील एखाद्या पालकाच्या मनात शंका येईल: परप्रांतातील मराठी शाळा ही तरी वेगळीच शाळा नव्हे काय? शंका योग्य आहे. भारतीय राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क दिला आहे. आणि एकोणतिसाव्याने, सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत धर्म, वंश, जात वा भाषा एवढ्याच कारणावरून कोणा नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही असेही म्हटले आहे. आपल्या भाषेसाठी एखाद्या समाजाने घर बांधणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या मुलाला घराबाहेर ठेवण्यासाठी भिंत बांधणे वेगळे. क्लॅरेंडनच्या पालकांनी वेगळी शाळा मागितली नव्हती. ती त्यांच्यावर लादली होती.

फेब्रुवारी 1952 मध्ये, न्यायासनावर दहा वर्षे पूर्ण होताच, वेअरिंग निवृत्त झाले. सत्तरी ओलांडलेल्या न्यायाधीशाला दहा वर्षांच्या सेवेनंतर पूर्ण वेतनासह निवृत्त होता येई. त्यांनी ती मुदत मोजली होती, यात गैर काही नाही. पती-पत्नी न्यू यॉर्कला गेले आणि चार्ल्सटनमध्ये पुन्हा राहायला आले नाहीत. ब्रिग्ज यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात सर्वांत आधी पोहोचला होता, पण राज्याच्या सुधारणांचा अहवाल पाहण्यासाठी तो एकदा परत पाठवला गेला. तेवढ्यात कॅन्ससचा ब्राउन यांचा दावा यादीत पुढे आला, आणि एकत्र चाललेल्या पाच दाव्यांना त्यांचे नाव लागले. 17 मे 1954 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की विभक्त शाळा मुळातच विषम असतात. शब्द थोडे वेगळे होते. विचार चार्ल्सटनच्या भिन्नमतातला होता. त्या संध्याकाळी वेअरिंग यांच्या न्यू यॉर्कमधील घरी चळवळीतील स्नेही जमले.

क्लॅरेंडनमध्ये मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही बदलले नाही. अंमलबजावणी लांबत गेली, आणि ज्यांच्या पालकांनी सह्या केल्या त्यांपैकी बहुतेक मुलांचे शाळेचे वय तोवर उलटून गेले.

वेअरिंग 11 जानेवारी 1968 रोजी न्यू यॉर्कमध्ये वारले. दफन चार्ल्सटनच्या मॅग्नोलिया दफनभूमीत झाले. त्या शहरातील मोजके गोरे लोक आले. कृष्णवर्णीय मात्र मोठ्या संख्येने आले. त्याच वर्षी एलिझाबेथही गेल्या. 2004 साली अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक डीलेन, पिअर्सन, हॅरी आणि एलायझा ब्रिग्ज यांना मरणोत्तर देण्यात आले. चार्ल्सटनच्या त्याच न्यायालयातील न्यायाधीश रिचर्ड गेर्गेल यांनी वुडर्ड आणि वेअरिंग यांच्यावर 2019 मध्ये सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला.

न्यायालयाच्या आवारात वेअरिंग यांचा पुतळा 2014 साली उभा राहिला. तेथील नव्या इमारतीला सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांचे नाव होते. हॉलिंग्ज 1951 साली तरुण आमदार होते. विभक्त शाळा टिकवून त्यांच्या सोयी समान करता याव्यात म्हणून राज्याने तीन टक्के विक्रीकर बसवला, त्याच्या पुरस्कर्त्यांत ते आघाडीवर होते. नव्वदी ओलांडल्यावर या गृहस्थांनी स्वतः विनंती केली, की इमारतीवरचे आपले नाव काढावे आणि वेअरिंग यांचे घालावे. त्यासाठी कायदा करावा लागला, आणि 2015 साली पाटी बदलली.